पदराखालची बोटं

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दर शुक्रवारी दलालांना काही तोटा नसतो, पण त्यांत लुगडं नेसलेली एकच. गोजरबाई बऱ्हाटे. वय अठ्ठावन्न, आवाज फाटका, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि खांद्यावर पांढरा टॉवेल. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, कुणाची तरी बायको भाकरी घेऊन आली असावी. तो विचारतो, "मावशी, मालक कुठायत?" गोजरबाई म्हणते, "मालक घरी भाकरी थापत्यात. तुमी म्हशीचं बोला." तिच्या नवऱ्याला, बन्सीला, साधी कणीकसुद्धा मळता येत नाही हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. पण ते उत्तर ऐकून गिऱ्हाईक निम्मं गार होतं, आणि सौद्याआधी तिला तेवढंच हवं असतं.

ज्यांनी हा बाजार पाहिला नाही त्यांना सांगायला हवं, की इथे म्हशीचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात घालतात, वरून टॉवेल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती पन्नास माणसं माना उंचावून उभी असली तरी भाव दोघांतच राहतो. कागद नाही, सही नाही. ज्यानं दाबलेलं बोट नाकारलं, त्यानं पुढच्या शुक्रवारी बाजारात तोंड दाखवू नये.

बन्सी मूळचा दलाल. पंधरा वर्षांपूर्वी एका जाफराबादी म्हशीनं त्याला गाडीच्या फाळक्यावर दाबलं आणि कंबर मोडली. तिसऱ्या शुक्रवारी त्याचा टॉवेल खांद्यावर टाकून गोजरबाई बाजारात उभी राहिली. बाजार उसळला. बाईमाणूस परक्या पुरुषाच्या हातात हात देणार? गोजरबाईनं कमरेवर हात ठेवले. "अडलेल्या म्हशीच्या पोटात मी खांद्यापतुर हात घालते, तवा कुनाची अब्रू गेली न्हाई. आन आता तुमची बोटं धरली की जाती व्हय?" सगळ्यांत जुने व्यापारी खाजाभाई पोट धरून हसले आणि त्यांनीच पहिला हात पुढे केला. "ये भाभी, बोल." त्यानंतर तिला कुणी काही विचारलं नाही.

आता जे कुणालाच ठाऊक नव्हतं ते.

सव्वीस वर्षांपूर्वी गोजरबाईचं तिसरं बाळंतपण झालं. बाराव्या दिवशी बारसं आटोपलं आणि तेराव्या दिवशी ती दुधाचा वीस लिटरचा डबा डोक्यावर घेऊन डेअरीकडे निघाली. रीतच तशी. बारसं झालं की बाळंतीण संपली, सून सुरू. वाटेत तिला वाटलं, पोटातलं काहीतरी तुटून खाली आलं. तुटलं नव्हतं. गर्भाची पिशवी खाली सरकली होती. बायका त्याला अंग बाहेर येणं म्हणतात, म्हणजे एकमेकींत म्हणतात, तेही जावेचा जावेवर फार जीव असला तर.

गंमत अशी, की त्याच महिन्यात त्यांची म्हैस व्याली आणि तिचं मायांग बाहेर पडलं. दुखणं तेच, नाव फक्त गोठ्यातलं. बन्सी भर दुपारी, पायात वहाण न घालता, जनावरांच्या डॉक्टरकडे पळत गेला आणि तासाभरात त्यांना फटफटीवर घेऊन आला. डॉक्टरांनी पडलेलं अंग धुऊन जागेवर बसवलं, दोरीचा पट्टा बांधला आणि सांगितलं, "महिनाभर हिची ओढाताण करू नका. उभी करताना मागची बाजू उंचावर ठेवा." बन्सीनं त्याच दिवशी चार पाट्या मुरूम आणून गोठ्यात उंचवटा केला. पाण्याची बादली धरून उभ्या असलेल्या गोजरबाईनं सगळं ऐकलं. संध्याकाळी तिनं आपल्या बाजेच्या पायथ्याच्या खुरांखाली दोन-दोन विटा सरकवल्या. सासूनं विचारलं तर म्हणाली, "वाळवी लागती." म्हशीचा सल्ला तिनं स्वतःवर चालवला, कारण दुसरा कुणी डॉक्टर तिच्याकडे आलाच नव्हता.

त्या विटा पुढे सव्वीस वर्षं तिथेच राहिल्या. तेव्हापासून ती जुन्या लुगड्याच्या घड्या आत घालून वावरते. बाजारात दिवसभर उभी राहते, कारण उकिडवं बसलं की जीव जातो. लोक म्हणतात, काय बाईचा वट, कधी टेकत नाही! तिनं तो समज तसाच राहू दिला. बाजारात सगळ्यांत वाईट शब्द म्हणजे खोड. जनावराला खोड आहे एवढं नुसतं पसरलं, की त्याच्याकडे कुणी फिरकत नाही. आपल्याला खोड आहे हे बाजाराला कळलं तर काय, ही धास्ती तिला सदाची. मला विचाराल तर तिच्यासारख्या फटकळ बाईनं सव्वीस वर्षं गप्प बसावं याचा राग येतो. पण तो तिच्यावर काढून उपयोग नाही.

गेल्या वर्षी नगरच्या एका मेडिकल कॉलेजातून डॉक्टर ज्ञानेश्वरी स्कूटीवर गावात यायला लागली. तिशीची, किडकिडीत, बोलताना चष्मा वर सरकवायची सवय. तिच्या दवाखान्यात पस्तिशीच्या बायका येऊन म्हणत, पिशवी काढून टाका. हाच एक उपाय आहे असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असे. आत रबराची कडी बसवून पिशवी वर धरता येते, व्यायाम असतात, हे पुस्तकात आहे. पण पुस्तकातल्या बायका डोक्यावर डबा घेत नाहीत, वाकून कांदे खुरपत नाहीत. इथल्या बायकांना कशाचा गुण येतो हे कुणी कधी तपासलंच नव्हतं. ते तीन वर्षं गावोगाव फिरून तपासायचं, हा तिचा ध्यास. त्यासाठी एका बड्या कारखान्याच्या निधीकडे तिनं अर्ज केला. निधीच्या समितीनं सांगितलं, आधी दाखवा की हे दुखणं खरंच इतकं आहे.

म्हणून ती दारोदार छापील प्रश्न घेऊन फिरली. गोजरबाईच्या अंगणात आली तेव्हा ओट्यावर बन्सी बसलेला, सून अश्विनी लसूण सोलत होती, शेजारच्या दोघी ताक मागायला आलेल्या. डॉक्टरनं सगळ्यांदेखत वाचलं, "तुम्हाला खालून काही बाहेर आल्यासारखं वाटतं का?"

"न्हाई बा," गोजरबाई म्हणाली. "आमाला काय धाड भरलीय?"

डॉक्टरनं चौकटीत खूण केली, आपला नंबर लिहिलेला कागद तिच्या हातात दिला आणि पुढच्या घरी गेली.

पुढच्या शुक्रवारी एका हेड्यानं, म्हणजे गावोगावची जनावरं घेऊन विकणाऱ्यानं, देखणी मुऱ्हा म्हैस विकायला आणली. शिंगं कुंडलासारखी, कास भरलेली. गिऱ्हाईक भाळलं होतं. गोजरबाईनं म्हशीभोवती फेरी मारली आणि थांबली. सगळं मैदान मोकळं पडलं असताना हेड्यानं म्हैस नेमकी मागचे पाय चढावर येतील अशी उभी केली होती.

"हिला सपाटीला घे," गोजरबाई म्हणाली.

"असू द्या की मावशी, सावली हाय."

"घे म्हनते ना."

म्हैस सपाटीला आली, जरा बसली, आणि मागून लाल अंग बाहेर डोकावलं. गिऱ्हाइकानं हेड्याला आईबहिणीवरून धुतलं. गोजरबाईच्या डोळ्यांपुढे मात्र बाजेखालच्या चार विटा आल्या. हेड्यानं एक दिवस लपवलं तर त्याला चोर म्हणायचं, मग मी कोण? तिला त्या म्हशीची दया आली आणि स्वतःची इतकी चीड आली, की त्या दिवशी तिनं एकही सौदा केला नाही.

घरी येऊन तिनं डॉक्टरनं दिलेल्या कागदावरचा नंबर लावला. पलीकडून ज्ञानेश्वरीचा आवाज मेल्यासारखा आला. "दोनशे बारा बायकांना विचारलं, मावशी. नऊ हो म्हणाल्या. समिती म्हणते, नऊसाठी कसलं संशोधन? तीन आठवड्यांत आणखी काही दाखवता आलं तर बघू, नाहीतर फाईल बंद."

"नऊ खोटी हायती."

"कशावरून?"

"मला चालीवरून म्हस कळती. बाई कळंना व्हय? डॉक्टरीनबाई, तुमचा कागद चांगला हाय, पन तुमी त्यो अंगनात वाचला. सासूफुडं, धन्याफुडं कोन सांगंल? उद्या या. तोंडानं इचारायचं न्हाई. हातानं इचारायचं."

दुसऱ्या दिवसापासून गोजरबाईच्या माजघरात त्याच दोनशे बारा बायका एकेक करून यायला लागल्या. ज्ञानेश्वरी आधी प्रत्येकीला समजावून सांगे, हे कशासाठी आहे, नाव कुठेच लागणार नाही, नको वाटलं तर परत जा. मग ती भिंतीकडे तोंड करून बसे. गोजरबाई आलेल्या बाईचा हात हातात घेई, वरून आपला पदर टाकी. काहीच नसेल तर मूठ. जड उचललं की त्रास होत असेल तर एक बोट. रोज होत असेल तर दोन. सदाचं बाहेर आणि दुखतं, तर तीन. गोजरबाई नुसतं "मूठ" किंवा "दोन" म्हणे आणि डॉक्टर रेघ ओढे. ज्ञानेश्वरी मनात कचरत होती. असलं कुठल्या पुस्तकात नाही, असं ती दोनदा म्हणालीही. गोजरबाई म्हणाली, "मंग तुमीच लिवा पुस्तकात."

मोहल्ल्यातल्या बायकांसाठी खाजाभाईंच्या बायकोनं, सकीनानं, आपली आतली खोली मोकळी करून दिली. पहिला हात तिनंच पदराखाली घातला आणि तीन बोटं इतकी जोरात दाबली, की गोजरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघींची वीस वर्षांची ओळख. एकमेकींच्या मुलांच्या लग्नात राबलेल्या, आणि दोघींनीही एकमेकींना सांगितलं नव्हतं. सकीना हळूच म्हणाली, "तुझी किती, गोजर?" गोजरबाईनं हात सोडवून घेतला. "मी मोजनारी हाय. मोजनारीची मोजत नसत्यात."

चौथ्या दिवशी, माजघर रिकामं झाल्यावर, अश्विनी आत आली. सत्तावीस वर्षांची, धाकटं पोर आठ महिन्यांचं. तिनं हात पुढे केला. गोजरबाईनं हसत पदर टाकला, आता ही मूठ दाबणार म्हणून.

दोन बोटं.

गोजरबाईनं हात तसाच धरून ठेवला. या पोरीच्या बाळाचं बारसं झाल्यावर, तेराव्या दिवशी हिच्या डोक्यावर डबा कुणी दिला होता? तिनंच. सासूनं जे तिच्याशी केलं तेच तिनं केलं होतं, आणि वर शेजारणीला सांगितलं होतं, आमची सून लई काटक. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून वाट बघत होती. "किती, मावशी?"

"दोन," गोजरबाई म्हणाली, आणि मग सुनेला, "डबा उद्यापासून तुझा नवरा नेईल. न्हाई नेला तर दूध गटारीत जाईल." दुसऱ्या दिवशी मुलानं कुरकुर केली. तिनं खरंच अर्धा डबा मोरीत ओतला. तिसऱ्या दिवशी त्यानं मुकाट डबा उचलला.

एकूण एकाहत्तर बायकांनी बोटं दाबली होती. त्यातल्या त्रेचाळीस तपासून घ्यायला तयार झाल्या आणि एक्केचाळीस जणींची बोटं खरी निघाली. ज्ञानेश्वरी आकडे घेऊन नगरला निघाली तेव्हा गोजरबाई म्हणाली, "मी येते. माल मी दावलाय, सौद्याला मी नगं?"

समिती एका गार खोलीत बसली होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, मऊ खुर्च्या. मधोमध अध्यक्ष, उजवीकडे दूध संघाचे काकासाहेब, आणखी दोघं. गोजरबाई भिंतीशी उभी राहिली. ज्ञानेश्वरीनं सगळं नीट मांडलं. अध्यक्षांनी कागद चाळले आणि हसू दाबलं.

"पदराखाली बोटं दाबून? डॉक्टर, हे संशोधन आहे की गुरांचा बाजार? आणि याच बायका आधी नाही म्हणाल्या होत्या, आता हो म्हणतात. यातलं खरं कोणतं धरायचं?"

ज्ञानेश्वरीनं तपासणीचा कागद पुढे केला. अध्यक्षांनी तो उलटा ठेवला. "नावं आहेत का? एक तरी बाई समोर येऊन सांगेल?"

"नावं घेणार नाही असा मी शब्द दिलाय," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिनं चष्मा वर सरकवला.

"मग अवघड आहे." अध्यक्षांनी फाईल मिटली.

फाईल मिटल्याचा आवाज झाला आणि गोजरबाईला अश्विनीची दोन बोटं आठवली. त्या पोरीची पिशवी अजून वाचण्यासारखी होती. ही फाईल बंद झाली, तर चार-पाच वर्षांनी तीही कुठल्यातरी दवाखान्यात जाऊन म्हणणार होती, काढून टाका.

"सायेब, दोनी खरं हाय," ती भिंतीपासून म्हणाली. "अंगनात इचारलं तवा न्हाई. पदराखाली इचारलं तवा हाय. तुमाला कोनी भर चौकात इचारलं, तर तुमचं दुखनं सांगाल?"

"तुम्ही कोण?"

"काकासायबांना इचारा. वळखत्यात." काकासाहेब खुर्चीत चुळबुळले. "काकासायेब, दिवाळीच्या आधी चार म्हशी घेतल्या ना माझ्याकडनं? टावेलाखाली बोटं दाबली, आन मोकळं झालात. तवा न्हाई म्हनला, गोजरबाई, ह्यो बाजार हाय का संशोधन? म्हशीच्या पायी बोटावर इस्वास ठेवता. आन बायकांची बोटं तेवढी खोटी?"

काकासाहेब म्हणाले, "अहो, तसं नाही बाई..."

"मंग कसं? तुमच्या दूध संघात म्हशीचं आंग पडलं तर फोन केल्या केल्या डॉक्टर येतो. चांगलंच हाय. येऊ द्या. पन त्या म्हशीचं दूध डोक्यावर वाहून आननारीचं पडलं तर कोन येतो?"

अध्यक्ष आता जरा नरमले. "बाई, तुमच्या भावना समजतात. तुम्ही आधी बसा बरं. खुर्ची घ्या."

"बसता आलं असतं तर बसले असते, सायेब." तिचा आवाज फाटला, पण थांबला नाही. "सव्वीस वर्सं उभी हाय मी. लोकांला वाटतं ताठा. तुमी एक नाव मागितलं न्हवं? लिवा. गोजरबाई बन्सी बऱ्हाटे, घोडेगाव. तीन बोटं. डॉक्टरीनबाई, तुमचा आकडा चुकलाय. एकाहत्तर न्हाई, बहात्तर. मी पन तवा अंगनात न्हाई म्हनले हुते."

ज्ञानेश्वरीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग खाली बघून कागदावर एक रेघ ओढली. अध्यक्षांनी मिटलेली फाईल पुन्हा उघडली, काकासाहेबांशी कुजबुजले आणि म्हणाले, "ठीक आहे. एक वर्ष देऊन बघू."

गोजरबाईतली दलाल जागी झाली. सवयीनं तिनं हात पुढे केला, वर पदर टाकला आणि काकासाहेबांसमोर धरला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं पदर झटकून खांद्यावर मागे टाकला.

"न्हाई. ह्यो सौदा उघड्यावर." तिनं तीन बोटं वर केली. "तीन वर्सं. बाईचं बाळंतपन, त्याच्या म्होरचं उचलनं, वाकनं, एका वर्सात कसं दिसंल? म्हशीचं बी एक वेत, गाभन ऱ्हाण्यापासनं आटंपतुर, एका वर्सात पुरं व्हत न्हाई."

अध्यक्षांनी काकासाहेबांकडे पाहिलं. काकासाहेब आयुष्यभर बाजारात हिंडलेले. त्यांनी न राहवून दोन बोटं वर केली. गोजरबाईनं आपली तीन खाली घेतली नाहीत. शेवटी ठरलं ते असं, की दोन वर्षं आत्ता, आणि तिसरं वर्ष दुसऱ्या वर्षाचे आकडे बघून. ज्ञानेश्वरीला ते पुष्कळ वाटलं. गोजरबाई जिना उतरताना म्हणाली, "गिऱ्हाईक चिकट हाय. पन पटलं."

घोडेगावपर्यंत ही बातमी तिच्या आधी पोहोचली होती. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बन्सी काठी घेऊन ओट्यावर बसला होता. अश्विनीनं पाणी दिलं. बन्सी जमिनीकडे बघत म्हणाला, "साऱ्या बाजाराला कळलं, गोजरे."

"कळू द्या. खोड लपवली न्हाई, उघड सांगितली. बाजारात त्याला इमान म्हनत्यात."

"मला ठावं हुतं," बन्सी हलकेच म्हणाला. "त्या इटा... मधी एक फुटली हुती. मीच दुसरी ठिवली."

गोजरबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की निदान याच्यापासून आपण लपवलं. आता तिला रडू यायला हवं होतं, कुणालाही आलं असतं. तिला आला तो संताप.

"ठावं हुतं? मंग बोलला का न्हाईत?"

"तू कवा बोलली न्हाईस. मला वाटलं, तुलाच नगं असंल."

"म्हस कवा बोलली हुती वो तुमाला?" गोजरबाई म्हणाली. "तिच्यापायी तर अनवानी पळाला हुतात."

गोजरबाईनं पदर खोचला, आत जाऊन बाजेखालच्या चारही विटा काढल्या आणि त्याच्यासमोर ओट्यावर रचून ठेवल्या. सोमवारी डॉक्टर रबराची कडी बसवायला येणार होती. संशोधनाच्या नव्या वहीत पहिलं नाव, तिच्याच मर्जीनं, तिचं लागायचं होतं.